आत्याबाईचे रुसवे

अबुधाबी,
शुक्रवार, २० ऑक्टोबर २०००

प्रिय वीणे,

मुलगी झाल्याचा तुझ्या बाबांचा फोन आला त्याच दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. सतीश म्हणाला, अगं मुलगी आहे ना, मग बर्फी वाटायची असते. म्हटलं, असू दे, आमच्यात पेढेच वाटतात. आमच्यात म्हणजे कुणात, ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रिसेप्शनवरच्या फिलिपिनो पोरीने तीन पेढे खाल्ले आणि विचारलं, हे कसलं चीज आहे. तर असं तुझ्या लेकीचं इथे स्वागत झालं. केस दाट आहेत म्हणे, आणि रडते खणखणीत. रडू दे. तुझ्यासारखी गप्प बसणारी निघाली नाही म्हणजे मिळवली.

हे पत्र गणूभाऊंच्या हाती देतेय. आपल्या खालच्या मजल्यावरचे ते ड्राफ्ट्समन, चष्म्याला दोरी बांधणारे. लेकीच्या लग्नाला आज रात्रीच्या विमानाने निघून कराडला चाललेत, वाटेत साताऱ्याला उतरून तुझ्या हातात देतो म्हणालेत. इथून कुणी जाणारं निघालं की सगळी बिल्डिंग त्याच्या बॅगेत आपापलं कोंबते, तशी मीही दुधाच्या पावडरचा डबा आणि थोडं केशर कोंबलंय. मेल केला नाही, कारण तुझा ऑफिसचा मेल सध्या सतीश उघडतो. फोनही केला नाही, कारण मागच्या वेळी पंधरा दिरहॅमचं कार्ड, म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये, नुसत्या तुझ्या हुंदक्यांवर संपलं. आणि गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. हे तुझ्या आईंनाही वाचून दाखव, म्हणून त्यांना कळेल असं पहिल्यापासून लिहिते. आई, सतीश म्हणजे आमचा मॅनेजर, आपलाच मराठी माणूस, ठाण्याचा. आणि गोष्ट अशी की तुमची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली असताना तिच्या नावावर एक चूक चढवण्याचा घाट इथे घातलाय. चूक तिची नाही. मी ती चढू देणार नाही. हे आधी सांगून टाकलं, आता सावकाश ऐका.

वीणे, तू पहिल्यांदा या फ्लॅटवर आलीस तो ऑगस्ट आठवतोय ना? आपल्या खोलीचा एसी बंद पडला होता. मेकॅनिक येऊन बघून गेला आणि जाताना म्हणाला, बुकरा, इन्शाल्ला. तू दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून त्याची वाट बघत बसलीस. त्याच्यासाठी पोहेसुद्धा करून ठेवलेस! तो काही आला नाही. संध्याकाळी तू रडवेली होऊन म्हणालीस, ताई, तो हो म्हणाला होता. मी म्हटलं, अगं वेडे, तो हो म्हणालेला नाही आणि नाहीही म्हणालेला नाही. उद्या, देवाच्या मर्जीने, एवढंच म्हणाला. बिचारा एकटा माणूस आणि बिल्डिंगा पन्नास. त्याला उद्या पुन्हा फोन करायचा, परवा पुन्हा करायचा, मग तो येतो. आणि तिसऱ्या फोनला तो आलाच, तुझे पोहे मात्र तोवर मी संपवले होते. भारतातून नवा आलेला प्रत्येक माणूस इथे ही चूक करतो. 'नंतर' हे उत्तर 'हो' म्हणून धरून बसतो, आणि मग आकाशाकडे बघत राहतो.

आणि तूच पुढे हॉस्पिटलच्या कामात ही गोष्ट किती नीट लिहिलीस! आई, वीणाने काय केलं होतं ते सांगते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचा रिपोर्ट तयार झाला की तो ईमेलने डॉक्टरांकडे जायला हवा. आमचा प्रोग्राम तो रिपोर्ट मेल सर्व्हर नावाच्या मशीनच्या स्वाधीन करतो, आणि ते मशीन पुढे पोहोचवतं. पण मशीन तीनपैकी काहीही म्हणू शकतं. घेतलं, असं म्हणेल. आत्ता जमत नाही, नंतर ये, असं म्हणेल. किंवा घेणार नाही, चालायला लाग, असं म्हणेल. वीणाच्या प्रोग्रामला हे तिन्ही कळत होतं. घेतलं म्हटलं तर लॅबच्या स्क्रीनवर हिरवी खूण. नंतर ये म्हटलं तर पिवळी, आणि रिपोर्ट रांगेत उभा, पाव तासाने पुन्हा प्रयत्न. नाही म्हटलं, किंवा खूप वेळ पिवळीच राहिली, तर लाल खूण, म्हणजे लॅबच्या माणसाने फोन उचलून डॉक्टरांना सांगायचं. साधं, शहाण्या माणसासारखं काम. जूनमध्ये हे सगळं पुरं करून, टेबल आवरून, माझ्या गळ्यात पडून ही बाई सातव्या महिन्याचं पोट घेऊन विमानात बसली.

तू गेल्यावर एका वॉर्डात त्याची चाचणी सुरू झाली. नवजात बाळांचा वॉर्ड. तिथली सिस्टर अजरा, हैदराबादची, जिने तुला खुबानी का मीठा खाऊ घातला होता, तीच. सप्टेंबरच्या एका शनिवारी सकाळी तिचा मला फोन आला. आवाज असा चढलेला की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. म्हणाली, सुनेत्राजी, आपका कंप्यूटर झूठ बोलता है. गुरुवारी दुपारी एका बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइडची तपासणी झाली होती. रिपोर्ट वाईट. लॅबच्या स्क्रीनवर हिरवी खूण, पाठवला. डॉक्टरांकडे काहीच नाही. लॅबवाल्याने हिरवी खूण बघितली आणि तो घरी गेला, त्याचं काय चुकलं? अजराला सवय आहे, आपल्या वॉर्डातल्या प्रत्येक बाळाचं लॅबला फोन करून विचारायचं, तसं तिने विचारलं म्हणून कळलं. बाळाला औषध सुरू झालं, बाळ छान आहे, आई, काळजी करू नका. पण तो आजार असा की औषध वेळेत गेलं नाही तर मूल जन्मभराचं मंद होतं. मी फोन ठेवला आणि तडक उठले. भीतीने नाही. संतापाने.

मी टॅक्सी करून हॉस्पिटलला गेले. तिथे सर्व्हरच्या खोलीची किल्ली खैरुद्दीनकडे असते, लाहोरचा, सदा हसरा. त्याला विचारलं, गुरुवारी मेल सर्व्हर बंद होता का? तो म्हणाला, जी नहीं मॅडम, मशीन कौन बंद करेगा, मैं तो सिर्फ एसी बंद करता हूँ. वीकेंड को बिजली बचाने का ऑर्डर है ना. म्हणजे बघ. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी दुपारी ऑफिसं रिकामी झाली की हा सगळ्या मजल्याचा एसी बंद करतो, त्यात त्या खोलीचाही. बाहेर चाळीस डिग्री, आत मशीन तापतं, संध्याकाळपर्यंत ते कण्हायला लागतं, शुक्रवारी साफ मरतं आणि शनिवारी सकाळी गारवा मिळाला की पुन्हा डोळे उघडतं. किती दिवस चाललंय विचारलं, तर म्हणतो, हमेशा से. आणि वर हसून, मॅडम, जुमा है, मशीन को भी छुट्टी चाहिए! माझं कपाळ. दर आठवड्याला दीड दिवस तो सर्व्हर आजारी असायचा आणि कुणाला पत्ता नाही, कारण वीकेंडला मेल वाचतं कोण? बाळं मात्र वीकेंड बघून जन्माला येत नाहीत.

पण वीणे, मला राग एसीचा नव्हता. सर्व्हर बंद पडणारच. आज एसी, उद्या केबल, परवा आणखी काही. त्यासाठीच तर तुझी पिवळी खूण होती. ती कुठे गेली? हे शोधायचं तर सर्व्हर बंद पडायला हवा, तोही माझ्या सोयीने, आणि हॉस्पिटलचा खरा सर्व्हर मी थोडीच बंद पाडणार! मग मी स्टोअरमधलं ते जुनं पिवळट पडलेलं मशीन काढलं, टेबलाखाली ठेवलं आणि त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. बाहेरून मेल सर्व्हर वाटावा असा, पण आतून नुसती खोड. मी सांगेन तेव्हा, सांगेन तसा रुसणारा. त्याचं नाव ठेवलं आत्याबाई. लग्नात मानपान नाही मिळाला की आत्याबाई कशा एकेक नखरे करतात, तस्से नखरे मी हिला शिकवले. कधी दारच उघडायचं नाही. कधी दार उघडून, या बसा म्हणून, मग तासभर तोंडातून शब्द काढायचा नाही. कधी म्हणायचं, आत्ता वेळ नाही, मागाहून ये. कधी स्पष्ट, तुझं तोंड बघायचं नाही. कधी अर्धा निरोप ऐकून घ्यायचा आणि मध्येच धाडकन दार लावून घ्यायचं. आणि कधी एकेक अक्षर इतक्या सावकाश बोलायचं की समोरच्याचा जीव जावा. अगं, मला इतकी मजा आली म्हणून सांगू! माझ्या स्वतःच्या लग्नातल्या दोन्हीकडच्या आत्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या.

मग आपला प्रोग्राम मी आत्याबाईच्या दारात उभा केला. तिने दार उघडलं नाही. हिरवी खूण. तिने मागाहून ये सांगितलं. हिरवी. तिने तोंडावर दार आपटलं. हिरवी! सहा रुसवे आणि सहाही वेळा आपला प्रोग्राम तोंड भरून सांगतोय, पाठवला, पाठवला, पाठवला. पिवळी नाही, लाल नाही, रांग नाही. रिपोर्ट सरळ कचऱ्यात. मला एका क्षणात कळलं की हे तुझं लिखाण नव्हे. तू असलं काही लिहूच शकत नाहीस, तू तर किराण्याच्या यादीतही 'मिळालं नाही तर काय आणायचं' ते लिहितेस.

सतीशच्या केबिनमध्ये गेले. तर त्याने नाही म्हणायचीही तसदी घेतली नाही. सुलेमानी चहा मागवला, खुर्चीत रेलला, आणि म्हणाला, अगं ते ना, मीच केलं. जूनचा डेमो आठवतो का, हॉस्पिटलच्या मुदीरासमोरचा? आई, मुदीरा म्हणजे तिथली डायरेक्टरबाई. त्या दिवशी सर्व्हर हळू होता, स्क्रीनवर पिवळ्याच पिवळ्या ओळी, बाईंनी विचारलं हे पिवळं काय, आणि याची लाज गेली. मग तुझं विमान उडाल्यावर याने तुझ्या प्रोग्रामात हात घातला आणि काहीही झालं तरी हिरवी खूण दाखव असं करून ठेवलं. पुढच्या डेमोपुरतं. मग परत बदलायचं राहून गेलं. राहून गेलं! दूध ओतू गेल्यासारखं सांगत होता. मी म्हटलं, एक बाळ थोडक्यात वाचलंय. तर म्हणाला, वाचलं ना? मग खलास. आपण मराठी माणसं, सुनेत्रा, आपणच आपले पाय ओढायचे का? म्हणजे चूक करताना हा एकटा, आणि झाकताना आपण सगळे मराठी.

आई, मी कोण म्हणून एवढी तडतडतेय, असं तुम्हाला वाटेल. मी वीणाची रूममेट, तिच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, ती मला ताई म्हणते. नवऱ्याचं घर मी सोडलं तेव्हा पुण्यातल्या एका माणसाने विचारलं नाही की जेवलीस का. सगळ्यांनी एकच सांगितलं, जरा पडतं घे. मी पडतं घेतलं नाही, इथे आले, फॅक्सच्या जमान्यापासून इथे आहे. टेस्टरचं काम करते. म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम मोडतं का ते बघायचं, आणि मोडलं की तोंडावर सांगायचं. असल्या बाईला कोण प्रेमाने जेवायला बोलावणार? सासरी या स्वभावाला तोंडाळ म्हणत. इथे निदान त्याचा पगार मिळतो.

तर मी सतीशला म्हटलं, प्रोग्राम नीट चालतो म्हणून हॉस्पिटलला द्यायच्या स्वीकृतीच्या कागदावर मी सही करणार नाही. त्याने हसण्यावारी नेलं. परवा बुधवारी मुदीरासमोर शेवटची चाचणी होती. सतीशने आदल्या दिवशीच बजावलं की ते टेबलाखालचं भूत तिथे आणायचं नाही, चालू सर्व्हरवर चाचणी, गुलाबाचं सरबत आणि फोटो. मी बरं म्हटलं. आणि बुधवारी सकाळी आत्याबाईला गणूभाऊंच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवून, पट्टा लावून, घेऊन गेले. खैरुद्दीनने आनंदाने वर उचलून दिली. त्याला वाटलं नवीन सर्व्हर आला.

मुदीरा सुदानची आहे, उंच, शांत, बालरोगतज्ज्ञ. सतीशने पाच रिपोर्ट पाठवून दाखवले, पाच हिरव्या खुणा, टाळ्या. मग मी उठले. म्हटलं, मॅडम, आता एक रिपोर्ट तुम्ही स्वतः, स्वतःलाच पाठवा. आणि खऱ्या सर्व्हरची तार काढून आत्याबाईला जोडली. दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी ठेवल्या. आत्याबाईच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात, घेणार नाही, परत जा. आपल्या स्क्रीनवर हिरवी खूण, पाठवला. मुदीराने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. मग बाई आपल्या कॉम्प्युटरसमोर बसून राहिल्या, आलेलं टपाल बघत. काही येणार नव्हतं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, सप्टेंबरमध्ये माझ्या वॉर्डात झालं ते हेच का? मी हो म्हटलं.

आणि तेव्हा, वीणे, सतीशने तुझं नाव घेतलं. डोळ्याची पापणी लवू न देता. म्हणाला, सॉरी मॅडम, हा भाग आमच्या एका ज्युनियर मुलीने लिहिला होता, ती आता रजेवर गेलीय, घाईत अर्धवट टाकून गेली, आम्ही तिच्यावर कारवाई करतो. चोराच्या उलट्या बोंबा, त्याही टाय लावून! मी तिथल्या तिथे म्हटलं की हे खोटं आहे, तिने लिहिलेलं बरोबर होतं, नंतर बदललं गेलं. सतीश हसला. म्हणाला, मॅडम, या दोघी एकाच फ्लॅटमध्ये राहतात. सगळे हसले. मुदीरा हसली नाही. ती म्हणाली, कोणी केलं ते मला लेखी हवं, महिनाअखेरपर्यंत, त्याशिवाय हा प्रोग्राम माझ्या हॉस्पिटलात चालू होणार नाही. आणि उठून गेली. सरबत तसंच राहिलं.

काल गुरुवार, अर्धा दिवस. दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर मी एक काम केलं, ते तुला सांगायचं कालपासून मनात आहे. तू जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे चाचणीला दिलेली तुझी मूळ प्रत माझ्या मशीनवर होती. ती मी आत्याबाईच्या दारात उभी केली. आत्याबाईने दार उघडलं नाही. पिवळी खूण. ती गप्प बसली. पिवळी. तिने अर्ध्यात दार आपटलं, तर तुझ्या प्रोग्रामने अर्धा राहिलेला निरोप टाकून दिला नाही, पहिल्यापासून नीट पुन्हा सांगायला रांगेत उभा राहिला. तिने तोंड बघायचं नाही म्हटलं. लाल खूण, आणि खाली तू लिहिलेली ओळ, कृपया डॉक्टरांना फोन करा. मग मी आत्याबाईचा रुसवा काढला. आणि रांगेतले सगळे रिपोर्ट एकामागोमाग एक आत गेले, एकही हरवला नाही, एकही दोनदा गेला नाही. मी खुर्चीत बसून बघत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तू माणसांसमोर कधी धड उभी राहत नाहीस गं, टॅक्सीवाल्याशीसुद्धा भांडत नाहीस. पण हे काय ताठ काम केलंयस! मला तुझा इतका अभिमान वाटला की तू समोर असतीस तर आधी एक धपाटा घातला असता.

त्यानंतर सतीशने मला केबिनमध्ये बोलावलं. हे माणसाचं गोड होणं मी ओळखते, माझ्या नवऱ्याचंही असंच व्हायचं. माझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय, त्याचे कागद त्याच्या ड्रॉवरमध्ये आहेत, ते त्याने काढून टेबलावर ठेवले. म्हणाला, तीन वर्षांसाठी करून टाकू, टेस्टिंगची हेड तूच. तो बदल मी काल परत नीट केलाय, प्रोग्राम आता ठणठणीत आहे, मग भांडण कशाचं? कुणीतरी एकाने जबाबदारी घेतली की मुदीरा शांत, कंपनी शांत. वीणाला तरी आता नोकरी कशाला हवीय, मूल सांभाळेल. म्हणजे तुझ्या मुलीच्या जन्माचाही याने हिशेबात उपयोग करून घेतला! मी सगळं ऐकून घेतलं. तो समजला, बाई वळली.

आता एवढं लांबण का लावलं ते सांगते. उद्या सकाळी इथून तुझ्या पत्त्यावर एक कुरियर निघेल. त्यात दिवाळीची काजूकतली असेल, बाळाला चांदीचे वाळे असतील, आणि त्यांच्याखाली तुझ्या नावाने टाइप केलेला राजीनामा असेल, कामातली चूक मान्य करणारा. मी तो माझ्या डोळ्यांनी वाचलाय. तू सही केलीस की तो मुदीराच्या टेबलावर जाईल, मग माझ्या बोलण्याला कुणी हिंग लावून विचारणार नाही, आणि त्या बाळाचा रिपोर्ट बुडवणारी म्हणून जन्मभर तुझं नाव राहील. आणि सतीशने मला सांगितलं, त्याच्यासोबत मराठीत दोन ओळी लिही, ताई म्हणून, तुझं ती ऐकते, सही करणं तिच्याच भल्याचं आहे असं समजाव. मी म्हटलं, लिहिते. तर वीणे, हेच ते पत्र, फक्त कुरियरच्या आधी गणूभाऊंच्या हातून पोहोचणारं. सही करू नकोस. सतीशचा फोन येईल, गोड बोलेल, नुसती फॉर्मॅलिटी म्हणेल, मग आवाज चढवेल. तुझे बाबा घाबरतील, म्हणतील जाऊ दे, मोठ्या लोकांशी वैर नको. तरी करू नकोस. आई, तुम्ही तिच्या शेजारी बसा. मी उद्याच सतीशच्या केबिनमध्ये जाऊन सांगणार आहे की पत्र गेलं, आणि आत काय लिहिलंय तेही. व्हिसाचे कागद त्याने खुशाल फाडावेत, राजीनामा मीही देणार नाही, काढायचं तर त्याने स्वतःच्या सहीने काढावं. आणि रविवारी तुझी मूळ प्रत घेऊन मी मुदीराच्या दारात उभी राहणार आहे, भेटेपर्यंत. वाळे ठेवून घे, ते लेकीचे आहेत. कुरियरवाल्याला कागद लगेच घेऊन ये म्हणून सांगितलेलं आहे, तो दारात थांबेल, घाई करेल, बाई, सही तेवढी द्या म्हणेल. थांबू दे. तू लेकीला पाजत बसली असशील, तर तिचं पोट भरेपर्यंत उठूसुद्धा नकोस, आणि मग आतूनच मोठ्याने सांग, नाही.

तुझीच,
सुनेत्राताई